जुनी पुस्तकं परत छापायची आहेत, कॉपीराइट संपलाय हे कसं ठरवायचं?

वाचनालयवाली

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाला पुढच्या वर्षी शंभर वर्षं होतायत. स्मरणिका काढली तर त्यात निम्म्या जाहिराती आणि निम्मे शुभसंदेश, कोणी उघडूनही बघत नाही, म्हणून कार्यकारिणीत ठरलं की त्याऐवजी आपल्याच कपाटातलं एखादं जुनं पुस्तक परत छापू, ३०० प्रती, सभासदांना भेट आणि उरलेल्या विकायच्या.

आता कपाटात काय आहे तर ह. ना. आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो'ची पानं सुटलेली प्रत, चिं. वि. जोशींची चिमणरावाची दोन पुस्तकं (आत चित्रं आहेत, फार गोड आहेत), बहिणाबाईंची गाणी, आणि एका ज्येष्ठ सभासदांचा आग्रह आहे की सावरकरांची 'माझी जन्मठेप'च छापा.

खजिनदार म्हणतात पुस्तक छापून ५० वर्षं झाली की ते मोकळं. उपाध्यक्ष म्हणतात १०० लागतात. सेक्रेटरी म्हणतात नेटवर पीडीएफ फुकट मिळतेय म्हणजे पुस्तकच फुकट, उगाच डोकं कशाला लावता. मीटिंगमध्ये मोबाइलवर पटापट मराठी टाइप करता येणारी मी एकटीच, त्यामुळे हे काम माझ्या गळ्यात पडलंय. यातलं नक्की काय छापता येईल, परवानगी कोणाची घ्यायची, विकलं तर चालतं का? शिवाय अध्यक्षांचे भाऊ न्यू जर्सीला असतात, ते म्हणतायत मी ॲमेझॉनवर ई-बुक चढवतो.

---

कलमबहाद्दर

ताई, खजिनदार, उपाध्यक्ष, सेक्रेटरी, तिघंही चुकले :) पुस्तक कधी छापलं हे बघायचंच नाही (अपवाद आहेत, खाली सांगतो). लेखक कधी वारला ते बघायचं. भारतात १९५७ चा कायदा आहे, त्याप्रमाणे लेखक गेला ते वर्ष संपल्यावर पुढची ६० वर्षं हक्क वारसांकडे, किंवा लेखकाने ज्याला लिहून दिले असतील त्याच्याकडे. महिना-तारीख काही असो, मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून.

तुमच्या यादीला लावून बघा. ह. ना. आपटे १९१९ साली गेले, विषयच मिटला, बिनधास्त छापा. चिं. वि. जोशी गेले नोव्हेंबर १९६३ मध्ये, म्हणजे २०२३ च्या ३१ डिसेंबरपर्यंत हक्क होते आणि १ जानेवारी २०२४ पासून मोकळे. सावरकर गेले फेब्रुवारी १९६६ मध्ये, म्हणजे ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत थांबायचं. 'जन्मठेप' हे पुस्तक किती जुनं आहे याला अर्थ नाही. त्या ज्येष्ठ सभासदांना सांगा, सोहळा कोणत्या महिन्यात धरलाय त्यावर तुमचं पुस्तक अवलंबून आहे.

बहिणाबाईंचा मामला जरा वेगळा. त्या गेल्या डिसेंबर १९५१ मध्ये आणि पुस्तक आलं १९५२ ला. लेखकाच्या पश्चात पहिल्यांदा छापलेल्या लेखनाची ६० वर्षं मृत्यूपासून नाही तर छापल्यापासून धरतात. इथे फरक एकाच वर्षाचा पडतो, २०१२ अखेर संपलं, पण समजा एखाद्या जुन्या लेखकाची डायरी मागच्या दहा-वीस वर्षांत पहिल्यांदा छापली असेल तर ती अजून बराच काळ मोकळी होणार नाही, मग लेखक शंभर वर्षांपूर्वी का गेलेला असेना. टोपणनावाने लिहिलेलं असेल आणि खरा लेखक कोण हे कधीच उघड झालं नसेल तरी छापल्यापासूनच ६०.

खजिनदारांचे ५० कुठून आले तेही सांगतो, अगदीच हवेतले नाहीत. आधी ५० च होते. रवींद्रनाथ टागोर १९४१ ला गेले, १९९१ अखेर सगळं मोकळं होणार होतं, त्यांच्याच विश्वभारती संस्थेकडे हक्क होते. डिसेंबर संपता संपता सरकारने वटहुकूम काढला आणि ५० चे ६० केले, १९९२ ला कायदा झाला. टागोरांसाठी म्हणून केलं आणि फळ सगळ्यांना मिळालं.

विकायला पूर्ण मुभा. परवानगी नाही, रॉयल्टी नाही. फक्त लेखकाचं नाव तसंच ठेवायचं आणि त्याच्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड संहितेत करायची नाही, तो हक्क ६० वर्षं झाली म्हणून जात नाही, वारस त्यावर उभे राहू शकतात.

---

डीटीपीवाले नाना

वरचं सगळं बरोबर पण त्यात एक मोठी मेख आहे जी कोणी सांगत नाही आणि मग आमच्यासारख्याकडे फाइल आल्यावर कळते. मोकळं झालंय ते लेखकाचं लेखन. तुमच्या हातात आहे ती आवृत्ती मोकळी असेलच असं नाही!

बहिणाबाईंचंच घ्या. गाणी मोकळी, पण पुस्तकाला प्रस्तावना आहे आचार्य अत्र्यांची, आणि अत्रे गेले १९६९ ला. म्हणजे प्रस्तावनेवर २०२९ अखेरपर्यंत हक्क आहे. पुस्तक जसंच्या तसं स्कॅन करून छापलं की पहिल्याच पानांवर अडकलात. तसंच चिमणरावातली चित्रं. लेखक मोकळा झाला म्हणून चित्रकार मोकळा होत नाही, त्याचं वर्ष वेगळं मोजायचं. मुखपृष्ठाचंही तेच. शेवटच्या टीपा, शब्दार्थ, संपादकाने लावलेली सूची, जे जे कोणी नंतर डोकं लावून घातलंय ते त्याचं. भाषांतराचंही तसंच, थोरोचं 'वॉल्डन' जगभर मोकळं आहे पण दुर्गाबाई भागवतांनी केलेला मराठी अनुवाद नाही, दुर्गाबाई २००२ पर्यंत होत्या.

म्हणून माझा सल्ला, जितकी जुनी प्रत मिळेल तितकी जुनी शोधा, शक्यतो लेखकाच्या हयातीतली, आणि त्यातली फक्त संहिता घ्या. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तिथे विचारा. बाजारातली चालू आवृत्ती उचलून टाइप करू नका, कारण त्यात काय काय बदललंय ते तुम्हाला कळणारच नाही, मी स्वतः अशी आवृत्ती बघितलीये जिच्यात अख्खं प्रकरण गाळलेलं होतं आणि कुठे एक ओळ नाही की बाबा हे संक्षिप्त आहे.

आणि घाबरू नका. आम्ही मागे एका संस्थेसाठी असंच एक जुनं नाटक छापलं होतं तर एका प्रकाशकाकडून फोन, सर्व हक्क आमच्याकडे आहेत, नोटीस पाठवू. मी म्हटलं पाठवा, फक्त त्यात नाटककार कोणत्या साली वारले तेवढं लिहा. नोटीस आली नाही. 'सर्व हक्क प्रकाशकाधीन' ही ओळ सवयीने छापतात हो, ज्ञानेश्वरीच्या आवृत्तीवरपण बघितलीये मी.

सेक्रेटरींना सांगा, नेटवर पीडीएफ असणं हा पुरावा नाही. चालू लेखकांची पुस्तकंपण टेलिग्रामवर फिरतात. आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं अधिकृतपणे फुकट उतरवून घेता येतात, पण ती वाचायला दिलीयेत, छापून विकायला नाही. फुल्यांचं मूळ लेखन मोकळं, मंडळाच्या संपादकांच्या टीपा मोकळ्या नाहीत.

---

शिरोरेखा

नाना, 'फक्त संहिता घ्या' म्हणालात ते ठीक पण शुद्धलेखनाचं काय? माझ्या मते मुद्दा इथे आहे, कायद्याचं काय, वर्ष मोजलं की झालं. १९६२ ला साहित्य महामंडळाचे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकात 'नांव', 'कांहीं', 'घरांत' असतं. आपट्यांच्या कादंबरीच्या नावातच अनुस्वार आहे. तो काढणार का?

माझं म्हणणं काढू नये. 'तीं' आणि 'ती' यात फरक होता, तीं म्हणजे अनेक मुलं आणि ती म्हणजे एक मुलगी, अनुस्वार गेला की वाचणाऱ्याला संदर्भाने ओळखावं लागतं. आणि ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः येत होती, त्या काळचं मराठी त्या काळच्या कपड्यात बघायला काय हरकत आहे.

---

डीटीपीवाले नाना

हरकत काही नाही पण ३०० प्रती भेट देताय त्या सभासदांनी वाचाव्यात अशी इच्छा आहे ना? आजचा दहावीतला पोरगा 'कांहीं' बघून म्हणतो प्रिंटिंग मिस्टेक आहे. मी तर म्हणतो लेखन आजच्या नियमाने करा, शब्द एकही बदलू नका, आणि पहिल्या पानावर स्पष्ट लिहा की अमुक सालच्या आवृत्तीवरून घेतलं आणि फक्त अनुस्वार-ऱ्हस्वदीर्घ बदललं. लपवाछपवी नको. आणि चिमणरावात पात्रं बोलतात ते मुद्दाम जसं लिहिलंय तसंच ठेवा, तिथे शुद्ध करायला गेलात तर विनोदच मरेल, आमच्याकडच्या एका प्रूफवाल्या बाईंनी एकदा सगळी बोली 'दुरुस्त' करून दिली होती, परत पहिल्यापासून केलं.

टाइप करायचं नसेल तर पानं ३०० डीपीआयला स्कॅन करा, गूगल ड्राइव्हवर टाका आणि डॉक्समध्ये उघडा, अक्षरं बऱ्यापैकी ओळखतं. पण जुन्या खिळ्यांच्या छपाईत घ-ध, थ-य, ब-व अशी गफलत होते आणि अनुस्वार तर पडतातच. मुद्रितशोधन दोन वेळा, दोन वेगवेगळ्या माणसांकडून. आधी मराठी विकिस्रोतावर बघून घ्या, तिथे लोकांनी पान-पान तपासून काही जुनी पुस्तकं घातलीयेत, असेल तर निम्मं काम वाचेल.

---

शिरोरेखा

पहिल्या पानावर लिहिणार असाल तर माझा विरोध मागे. पण शीर्षकातला अनुस्वार राहू द्या एवढी एक विनंती.

---

हडसनकाठचा

न्यू जर्सीच्या काकांसाठी लिहितो, कारण मी स्वतः यात हात पोळून घेतलेत. भारतात मोकळं म्हणजे अमेरिकेत मोकळं असं नाही. इथे जुन्या पुस्तकांना छापल्यापासून ९५ वर्षं लावतात. आणि १ जानेवारी १९९६ ला जे परदेशी पुस्तक त्याच्या स्वतःच्या देशात हक्काखाली होतं त्याला इथे पुन्हा संरक्षण मिळालं. साने गुरुजी १९५० ला गेले, तिकडे 'श्यामची आई' २०११ पासून कोणीही छापतंय, पण पुस्तक १९३५ चं, म्हणजे इथे २०३० संपेपर्यंत थांबा. चिं. विं.चंही तसंच, प्रत्येक पुस्तकाचं पहिलं साल बघून ९५ मिळवा. आपट्यांना काही अडचण नाही.

ॲमेझॉनवर मराठी ई-बुक घेतात, पण मोकळ्या पुस्तकांना रॉयल्टी ३५ टक्केच, ७० वाला पर्याय मिळत नाही. आणि त्याच पुस्तकाची फुकट आवृत्ती त्यांच्या दुकानात आधीच असेल तर तुमच्यात काहीतरी वेगळं लागतं, स्वतःच्या टीपा नाहीतर स्वतःची चित्रं. मी माहीत नसताना तीन पुस्तकं चढवली होती, तिन्ही काढून टाकली त्यांनी.

---

वाचनालयवाली

बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. काल मीटिंग झाली. आपट्यांची कादंबरी फार जाड, सोळा पानांचे फॉर्म मोजले आणि खजिनदारांनी हात जोडले. त्यामुळे चिमणराव नक्की झालाय. काकांना ई-बुकचं थांबायला सांगितलंय, ते थोडे नाराज आहेत.

दोन प्रश्न उरलेत. अध्यक्षांना मुखपृष्ठावर दूरदर्शनच्या मालिकेतला दिलीप प्रभावळकरांचा फोटो हवाय, लोक लगेच ओळखतील म्हणून. आणि आयएसबीएन (पुस्तकाच्या मागे छापतात तो ओळख क्रमांक) लागतो का, त्याला किती पैसे?

---

कलमबहाद्दर

फोटो नको. पुस्तक मोकळं झालं, मालिका नाही, आणि प्रभावळकरांचा चेहरा तर मुळीच नाही. अध्यक्षांना सांगा परवानगीचं पत्र स्वतः आणून द्या, आपोआप विषय थांबेल.

आयएसबीएन सक्तीचा नाही पण विकणार असाल तर घ्या, आपल्याकडे फुकट मिळतो, दिल्लीला राजा राममोहन रॉय यांच्या नावाची एजन्सी आहे, अर्ज ऑनलाइन होतो, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. आणि छापून झाल्यावर प्रत्येकी एक प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं सेंट्रल लायब्ररी, चेन्नईचं कोन्नेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी इथे स्वखर्चाने पाठवायची, ३० दिवसांत, १९५४ चा कायदा आहे. वाचनालयानेच हे विसरायचं म्हणजे फारच झालं.

अजून एक, तुम्ही छापलंत म्हणून चिमणराव तुमचा होत नाही. उद्या शेजारच्या गावाने तेच लेखन छापलं तर भांडायला जाऊ नका. तुमची नवी प्रस्तावना आणि नवी चित्रं तेवढी तुमची.

---

वाचनालयवाली

चित्रांचं बघितलं. जुन्या प्रतीत कोपऱ्यात सही आहे पण लागत नाहीये, भिंग लावूनही नाही. त्यामुळे ती सोडतोय, वाईट वाटतंय खरं. हायस्कूलचे ड्रॉइंगचे सर आठ चित्रं काढून देतो म्हणालेत, पैसे नकोत फक्त नाव घाला म्हणे. त्यांच्याकडून कागदावर लिहून घेऊ ना? आणि नाना, १६० पानं धरून डीटीपीचा भाव मेसेज करा, खजिनदार विचारतायत.

---

डीटीपीवाले नाना

लिहून घ्या, नक्की घ्या, चित्रं फक्त या आवृत्तीपुरती की कायमची तेही त्यातच लिहा, आत्ता सगळे गोड असतात. भाव मेसेज केलाय. वाचनालय आहे म्हणून दुसऱ्या प्रूफचे पैसे लावत नाही, पण खजिनदारांना हे आधी सांगू नका, ते पहिल्याचेही कापतील.