अर्धशिशीत एकच बाहुली मोठी: दोष नक्की कुठल्या डोळ्यात?

चष्मेवाली:
अर्धशिशीची पेशंट, डोकं दुखत असताना डावी बाहुली ५ मिमी, उजवी ३.५. पापणी नीट, डोळे सगळीकडे वळतात. डाव्या डोळ्याने जवळचं धूसर. चार तासांनी दोन्ही सारख्या. अर्धशिशीच्या खात्यावर टाकायचं का?

कवडसा:
लगेच नको. भरपूर उजेडात मोजा, मग दिवे घालवून मोजा. फरक उजेडात वाढला तर मोठी बाहुली मिटत नाहीये, अंधारात वाढला तर लहान उघडत नाहीये. उजेडात आणि अंधारात तेवढाच आणि १ मिमीच्या आत असेल तर सोडून द्या. साधारण पाचातल्या एकाला तो असतोच.

मोजताना पेशंटची नजर लांबच्या भिंतीवर हवी. टॉर्च समोर धरला की ती टॉर्चकडेच बघते आणि जवळ बघितल्याने दोन्ही बाहुल्या बारीक होतात. टॉर्च हनुवटीखालून तिरका मारा. आपल्याकडच्या गडद तपकिरी बुबुळात अंधारात कड दिसतच नाही; ऑफ्थॅल्मोस्कोप (डोळ्याच्या आत बघायचं दिव्याचं उपकरण) हातभर लांब धरून बाहुलीतून येणाऱ्या लाल चकाकीवर मोजा.

नेत्रपल्लवी:
लहान बाहुलीवर संशय असेल तर दिवा घालवल्यावर ५ आणि १५ सेकंदांनी फोटो काढा. ५ व्या सेकंदाला फरक जास्त, १५ व्याला कमी, शिवाय पापणी किंचित उतरलेली: हॉर्नर, म्हणजे बाहुली उघडणाऱ्या नसांच्या वाटेतला दोष. क्लस्टर डोकेदुखीतही (एका डोळ्याभोवती तीव्र झटके येणारी) होतो, पण नव्याने आलेला आणि मान किंवा डोकं दुखणारा हॉर्नर म्हणजे मानेतली कॅरोटिड (मेंदूकडे जाणारी धमनी) फाटलीय असंच धरून त्याच दिवशी अँजिओग्राफी.

चष्मेवाली:
फरक उजेडात वाढतो. म्हणजे मोठीच?

कवडसा:
हो. तासाभरात किंवा काही तासांत उतरणारी अशी बाहुली अर्धशिशीवाल्यांत दिसते, जवळचं धूसर होणंही त्यात बसतं. पण आधी औषध लागलंय का विचारा. इप्राट्रोपियमच्या (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) नेब्युलायझरचा मास्क सैल असला की वाफ एकाच डोळ्यात जाते. शंकराला वाहिलेला धोतरा हाताळून डोळा चोळला तरी तेच, फक्त ती बाहुली चार तासांत उतरत नाही, दिवस-दोन दिवस किंवा जास्तही राहते.

नेत्रपल्लवी:
पुढच्या वेळी मोठी असतानाच १ टक्का पिलोकार्पिन (बाहुली बारीक करणारे थेंब) दोन्ही डोळ्यांत टाकून पाऊण तासाने बघा. धोतऱ्याने किंवा औषधाने अडलेली बाहुली हलत नाही. तिसऱ्या नसेचा (मेंदूतून येऊन पापणी उचलणारी, डोळा वळवणारी आणि बाहुली मिटवणारी) दोष असेल तर मिटते. तपासणीचे इतर थेंब आधी टाकलेत तर निकाल बाद. आणि पापणी खाली आली किंवा एकाचे दोन दिसू लागले तर पिलोकार्पिन शोधत बसू नका, मेंदूतल्या धमनीच्या फुग्यासाठी थेट इमर्जन्सी.