मारा नदीचं क्रॉसिंग बघायला ऑगस्टात जावं का?

दुर्बीण:
विल्डबीस्ट, म्हणजे हरणासारखे मोठे गवत खाणारे प्राणी, टांझानियातल्या सेरेंगेटीतून केनियातल्या मसाई मारा राखीव क्षेत्रात कळपांनी येतात (हेच मायग्रेशन) आणि वाटेत मारा नदी ओलांडतात (हेच क्रॉसिंग). ते बघायला केनियाच्या ग्रुप टूर आपल्याकडे जुलै ते सप्टेंबरात 'मायग्रेशन स्पेशल' म्हणून विकल्या जातात. परतलेल्यांचे सूर दोनच. एक, 'डोळ्यांचं पारणं फिटलं'. दुसरा, 'नदीवर पाच तास ताटकळलो, एकही विल्डबीस्ट पाण्यात उतरला नाही'. माझं म्हणणं, निव्वळ क्रॉसिंगसाठी पैसे भरूच नयेत.

हिशेब बघा. कार्यक्रमात 'मसाई मारा २ रात्री' असतं. नैरोबीहून नारोकमार्गे पाच-सहा तास जातात, म्हणजे पहिल्या दिवशी फक्त संध्याकाळची फेरी. तिसऱ्या दिवशी नाश्ता झाला की परतीचा रस्ता. उरला एक अख्खा दिवस, आणि त्याच दिवशी, तुम्ही उभे आहात त्याच ठिकाणी कळपाने उडी घ्यायची! वर २०२४पासून माराचं परदेशी प्रौढांसाठीचं प्रवेशशुल्क जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर झालंय. जानेवारी ते जून तेच १००. पैसे वाचवायला राखीव क्षेत्राबाहेर मुक्काम केलात तर तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढंच चालतं.

त्यापेक्षा फेब्रुवारीत टांझानियात, दक्षिण सेरेंगेटीच्या बाजूला न्दुतूला जा. कळप आखूड गवताच्या माळावर पसरलेले असतात, बहुतेक पिल्लं दोन-तीन आठवड्यांत जन्मतात, आणि माळ उघडा असल्याने चित्त्याची शिकार पहिल्या पावलापासून दिसू शकते. नाहीतर फेब्रुवारीतच मसाई माराला जा. तेव्हा विल्डबीस्ट तिथे नसले तरी सिंह असतात. सिंहांचे कळप आपापला इलाखा धरून राहतात, ते विल्डबीस्टांमागे टांझानियात जात नाहीत.

नदीकाठ:
हा दोष दोन रात्रींचा आहे, तुम्ही तो क्रॉसिंगच्या माथी मारताय. चार रात्री ठेवा आणि मुक्काम नदीजवळ घ्या. मारा नदीमुळे राखीव क्षेत्राचे दोन भाग पडतात, पश्चिमेला मारा ट्रँगल, पूर्वेला मुख्य बाजू. आत नदी ओलांडायला पूल एकच, तोही दक्षिणेला पुरुंगाटचा. भलत्या काठावर राहिलात की वळसा घालण्यातच सकाळ संपते. बुकिंग करताना हे कुणी सांगत नाही, आपणच विचारायचं.

आता बसायचं कसं. गाडी काठापासून चांगली मागे, झुडपाआड, इंजिन बंद. कळप काठावर दाटला तरी हलायचं नाही. बऱ्याचदा झेब्रे आधी खाली उतरतात, दोन घोट पितात, कशाने तरी दचकतात आणि उधळत वर येतात. त्यांच्यामागे सगळा कळप फिरतो. असं तीन-चार वेळा होऊ शकतं. पहिला विल्डबीस्ट पाण्यात पडला आणि मागून रांग सुरू झाली की मगच गाडी पुढे घ्यायची. आधी घेतलीत तर काठावर गाडीचा आकार दिसतो आणि पुढचे बिचकतात.

नजर मात्र समोरच्या काठावर ठेवा, चढण कशी आहे ते बघा. घसरडी, उभी असेल तर पुढचे अडतात आणि मागचे त्यांच्यावर येऊन पडतात. बुडून मरतात ते मुख्यतः असे. मगरींच्या वाट्याला त्या मानाने थोडेच येतात, व्हिडिओ बघून उलटंच वाटतं. २०१७च्या एका अभ्यासात वर्षाला सरासरी ६,२५० विल्डबीस्ट बुडतात असा अंदाज आला होता, आणि पुढे मासे, गिधाडं, मॅराबू करकोचे त्यांच्यावर पोसले जातात. हे न्दुतूला कुठून दिसणार?

एक साधी गोष्ट: लॉजवरून नाश्ता आणि जेवण दोन्ही बांधून घ्या. दुपारी बहुतेक गाड्या बुफेसाठी परततात, तेव्हा काठ मोकळा होतो.

वैनगंगा:
झुडपाआड थांबेल ती तुमची गाडी. बाकीच्यांचं काय? नियम कागदावर चोख आहेत: प्राण्याभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत, अंतर २५ मीटर, मागे रांग असेल तर १० मिनिटांत जागा सोडायची, रस्ता सोडून गवतात शिरायचं नाही. क्रॉसिंगच्या वेळी हे कोण पाळतं? २०२५च्या जुलैत उत्तर सेरेंगेटीत पर्यटक गाड्यांतून उतरून कळपाच्या वाटेत उभे राहिले, तो व्हिडिओ जगभर फिरला. वर चढायची वाटच माणसांनी अडवली तर ज्या चेंगराचेंगरीचं तुम्ही वर्णन केलंत, तिला निमित्त आपणच.

चित्त्यांचं त्याहून वाईट. मारात झालेल्या आणि २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पर्यटन दाट असलेल्या भागात एका वेतामागे सरासरी ०.२ पिल्लं स्वतंत्र होईपर्यंत टिकली. विरळ भागात २.३. म्हणजे दहापटीहून जास्त फरक.

आपणही साळसूद नाही म्हणा. आपल्या उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ला जिप्सींनी वाघीण आणि तिचे बछडे अडवले, त्याची उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती.

नदीकाठ:
चित्त्यांचा मुद्दा मान्य. पण तो बारमाही गर्दीचा आहे, त्यावरून क्रॉसिंग बघणं चूक ठरत नाही. आणि सगळे फेब्रुवारीत न्दुतूला गेले तर तिथल्या चित्त्यांनी काय घोडं मारलंय?

तांबडी_वाट:
गर्दी का होते, ते दोघांनीही सोडून दिलं. चालक-गाइडच्या कमाईत टिपेचा वाटा मोठा असतो. पाहुणे गाडीत बसल्यापासून 'बिग फाइव्ह (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) झाले का?' विचारतात. मग रेडिओवर 'चुई' ऐकू आलं, म्हणजे बिबट्या, की तो गाडी पळवणारच. त्याला दोष देऊन काय होणार? पहिल्याच संध्याकाळी त्याला स्पष्ट सांगा: आम्हाला यादी पुरी करायची नाही, एका जागी तासभर बसायला चालेल, आधीच पाच गाड्या असतील तर सरळ पुढे चला, टिपेला काही कमी पडणार नाही. गाडीत सहाऐवजी चौघे बसा, प्रत्येकाला खिडकी मिळते आणि 'सरका हो जरा' थांबतं.

गर्दी नकोच असेल तर राखीव क्षेत्राला लागून नाबोइशो, ओलारे मोतोरोगी अशा कन्झर्व्हन्सी, म्हणजे खासगी संरक्षित क्षेत्रं, आहेत. जमीन मसाई मालकांची, भाडेपट्ट्याने घेतलेली. आत फक्त तिथे उतरलेल्या पाहुण्यांच्या गाड्या. रात्रीची फेरी आणि पायी फिरणं, जे राखीव क्षेत्रात बंद आहे, ते इथे चालतं. दर मात्र डोळे पांढरे करतात, आणि मारा नदीची ती प्रसिद्ध ठिकाणं इथे नाहीत. त्यामुळे दोन रात्री इथे, दोन ट्रँगलमध्ये, अशी विभागणी मला पटते.

स्टिअरिंग:
एवढी यातायात कशाला? दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात स्वतः गाडी चालवा. तिथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं, डांबरी रस्त्यावर मर्यादा ताशी ५० किमी, कच्च्यावर ४०. जुलै-ऑगस्टात तिकडे कोरडा हिवाळा, गवत विरळ, प्राणी पाणवठ्यावर येतात. लोअर साबी कॅम्पजवळ सनसेट डॅमवर गाडी बंद करून बसलं की पाणघोडे, मगरी, करकोचे समोरच असतात.

दुर्बीण:
क्रुगर छान, पण झाडी दाट आहे. लहान गाडीतून, काच खाली करून, जेवढं दिसतं तेवढंच. पहिल्यांदा जाणाऱ्याला सिंह दहा मीटरवर असून दिसत नाही, शेजारची गाडी का थांबलीय ते बघत बसावं लागतं. नदीकाठ, तुमच्या चार रात्री मला मान्य. दोन रात्रींवाल्यांना ऑगस्टात पाठवू नका एवढंच म्हणतोय.

शंकेखोर:
मग मारा आणि सेरेंगेटी एकाच सहलीत का नको? नकाशावर तर लागूनच आहेत.

नदीकाठ:
प्राण्यांना लागून आहेत, आपल्याला नाहीत. दोघांमधली थेट हद्द पर्यटकांना बंद आहे. पश्चिमेला इसेबानियाच्या सीमानाक्यावरून वळसा घ्यावा लागतो, आणि हद्दीवर केनियाची गाडी सोडून टांझानियाची घ्यावी लागते. रस्त्याने गेलात तर एक दिवस यातच जातो. छोट्या विमानाने गेलात तर सामान साधारण १५ किलो, तेही मऊ पिशवीत. कडक सूटकेस घेत नाहीत. पिवळ्या तापाची लस किमान १० दिवस आधी घ्या, कारण प्रमाणपत्र त्यानंतरच लागू होतं. ते नसेल तर परतताना भारतात विमानतळावरून थेट विलगीकरणात जाल. दोन्ही देशांत प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा चिवडा-लाडू डब्यात भरा.