मोडी कागदांचं पुस्तक: मूळ मजकूर मार्कडाउनमध्ये ठेवावा, लाटेकमध्ये की सरळ वर्डमध्ये?

दांडियाबाजार (बडोदा)

बडोदा संस्थानच्या काळातल्या एका खासगी दप्तरातले १४० मोडी कागद बाळबोधीत (देवनागरीत) उतरवून त्यांचं पुस्तक करायचं आहे. साधारण २६० पानं होतील. प्रत्येक कागदाखाली तळटिपा, शेवटी नामसूची, मधूनमधून गुजराती शब्द गुजराती लिपीतच. उतरवणारे चौघं आहेत. दोघं श्रीलिपी या जुन्या फॉन्टपद्धतीत टाइप करतात, दोघं युनिकोड या प्रमाण संकेतपद्धतीत. मुद्रितशोधनाला वर्डची फाइलच लागेल, छापखान्याला पीडीएफ. मूळ मजकूर कशात ठेवावा: मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरात खुणा घालून लिहायची पद्धत), लाटेकमध्ये (पानजुळणीची प्रणाली) की वर्डमध्ये? टायप्स्ट या पानजुळणीच्या साधनाचंही नाव ऐकलं आहे. पुढच्या आवृत्तीलाही तोच मजकूर वापरता यावा, एवढी अट आहे.

जुळारी

पॅनडॉक या फाइल-रूपांतराच्या साधनाच्या मार्कडाउनमध्ये ठेवा. २००४ च्या मूळ मार्कडाउनमध्ये तळटिपाच नाहीत, पॅनडॉकच्या बोलीत आहेत. त्याच फाइलमधून वर्ड निघतं आणि झीलाटेकमार्गे (युनिकोड जाणणारं लाटेक) पीडीएफही. टायप्स्ट देवनागरी नीट जुळवतो आणि पीडीएफ झटकन देतो, पण तो स्वतः वर्डची फाइल काढत नाही. तुमचं अर्धं काम तिथेच अडेल.

त्याआधी श्रीलिपीचा मजकूर युनिकोडमध्ये आणा. असल्या जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर साठवलेला असतो; युनिकोडमध्ये बरोबर उलट. कन्व्हर्टर चुकतात ते बहुतेक याच दोन जागी. रूपांतर झालं की शब्दाच्या आरंभीच लटकलेली वेलांटी शोधा. मग 'अ' आणि काना असे दोन तुकडे जोडून झालेला 'आ' शोधा, तो डोळ्यांना बरोबर दिसतो पण शोधात सापडत नाही. सगळ्यात चिवट म्हणजे 'दऱ्या', 'वाऱ्या' यांतला र. तो दोन तऱ्हांनी साठतो: ऱ (युनिकोड क्रमांक ०९३१) आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि वर अदृश्य जोडक (२००डी). छापल्यावर फरक दिसत नाही, पण सूचीत एकच नाव दोनदा येतं. पहिली तऱ्हा ठरवून सगळीकडे तीच करून घ्या.

मार्कडाउनमध्ये मराठीला नडतात ते प्रत्यय. तिरप्या अक्षरांसाठी `_दप्तर_मध्ये` असं लिहिलं तर अंडरस्कोर तसेच छापले जातात, `*दप्तर*मध्ये` चालतं. कॉमनमार्क या मार्कडाउनच्या प्रमाण नियमावलीनुसार ठळक अक्षरांचं `**"हुजूर"**चा` हेही बंद होत नाही, कारण मिटणाऱ्या ताऱ्यांच्या अलीकडे अवतरणचिन्ह आणि पलीकडे अक्षर येतं. व्हीएस कोड या एडिटरचा प्रीव्ह्यू याच नियमाने चालतो. अवतरणचिन्हं बाहेर काढून `"**हुजूर**"चा` लिहा, ते सगळीकडे चालतं. शिवाय परिच्छेदाच्या आरंभी इंग्रजी आकड्यांत साल आणि पुढे टिंब आलं तर ती क्रमवार यादी समजली जाते. देवनागरी आकड्यांना हा त्रास नाही.

एडिटर कोणताही घ्या, यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवण्याची प्रचलित रीत) साठवणारा हवा. एका ओळीत एकच वाक्य लिहा, म्हणजे गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं साधन) कोणी काय बदललं ते वाक्यागणिक दिसेल.

बाळबोध

लिप्यंतराच्या पुस्तकात खुणांची भाषा अक्षरं ठळक करण्यापुरती नसते, हे आधी ठरवायला हवं. संशयित वाचन, फाटलेली जागा, संपादकाने भरलेला शब्द, संक्षेपाचा विस्तार, या चार गोष्टी चौघांनी चार तऱ्हेने लिहिल्या तर पुढे एकही शोधता येणार नाही. टीईआय एक्सएमएलमध्ये (ग्रंथसंपादनासाठीच्या खुणांची प्रमाण पद्धत) या प्रत्येकासाठी वेगळी खूण आहे: अनक्लिअर, गॅप, सप्लाइड, एक्स्पान. चौघांना एक्सएमएल हाताने लिहायला लावू नका. पॅनडॉकमध्ये शब्द चौकोनी कंसात घालून पुढे महिरपी कंसात वर्गाचं नाव देता येतं. नावं टीईआयचीच ठेवा, आणि रोमन अक्षरांत. मग एक छोटा ल्युआ फिल्टर (पॅनडॉकला जोडायचा प्रोग्राम) छपाईसाठी त्याचे कंस करेल. पुढे कधी टीईआय हवं झालं तर त्याच नावांवरून तेही करता येईल.

मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळलेला नसतो. म्हणजे बाळबोधीत आलेली प्रत्येक वेलांटी हा संपादकाचा निर्णय आहे. आजच्या नियमाने लिहिणार की सगळीकडे एकच रूप ठेवणार, हे प्रस्तावनेत सांगा आणि चौघांना लेखी द्या.

एखादी ओळ मोडीतच छापायची असेल तर ही लिपी २०१४ पासून युनिकोडमध्ये आहे आणि नोटो सान्स मोडी हा फॉन्ट मोफत मिळतो.

सूचीकार

पीडीएफसाठी झीलाटेकच, जुना पीडीएफलाटेक युनिकोड देवनागरीची जोडाक्षरं जुळवत नाही. फॉन्ट सांगताना स्क्रिप्ट देवनागरी आणि लँग्वेज मराठी, दोन्ही द्या. पहिलं विसरलात तर जोडाक्षरं फुटतात. दुसरं विसरलात तर ज्या फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी दिलेली आहेत तिथेही हिंदी वळणं येतात. शोभिका हा फॉन्ट पुस्तकाला शोभतो, पण त्यात साधा आणि ठळक एवढेच आहेत, तिरपा नाही.

गुजराती शब्दांना भाषेची खूण लावून वेगळा फॉन्ट द्या. फॉन्टमध्ये अक्षर नसेल तर लाटेक थांबत नाही. फक्त लॉग फाइलमध्ये 'मिसिंग कॅरेक्टर' लिहितं आणि पानावर त्या जागी कोरी जागा किंवा रिकामा चौकोन येतो. छापखान्याला देण्याआधी लॉगमध्ये हे दोन शब्द शोधाच.

नामसूचीला मेकइंडेक्स हा लाटेकचा सूची लावणारा नेहमीचा प्रोग्राम नको. तो युनिकोडच्या क्रमाने लावतो, म्हणजे ळ लगेच ल नंतर आणि क्ष क मध्ये. मराठी कोशाचा क्रम ह, ळ, क्ष, ज्ञ असा आहे. त्याऐवजी युनिकोड जाणणारा अपमेंडेक्स घ्या आणि त्याच्या शैलीफाइलमध्ये आयसीयू लोकेल (कोणत्या भाषेचा क्रम लावायचा ते) 'एमआर', म्हणजे मराठी, असं लिहा.

दांडियाबाजार

मनापासून आभार. वर्डमधल्या दुरुस्त्या मार्कडाउनमध्ये परत कशा आणायच्या? आणि वर्डमध्ये फॉन्ट बदलला तरी मजकूर आहे तसाच राहतो, ते का?

जुळारी

फॉन्टचं आधी. वर्डमध्ये देवनागरीचा फॉन्ट शैलीच्या 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' या वेगळ्या रकान्यात असतो. वरच्या यादीतून बदललेला फॉन्ट पुष्कळदा रोमन अक्षरांनाच लागतो. एक नमुना फाइल करून तिच्यात शैली दुरुस्त करा आणि पॅनडॉकला 'रेफरन्स डॉक' म्हणून द्या.

दुरुस्त झालेली वर्डची फाइल उलटी मार्कडाउनमध्ये फिरवू नका. वर्डमध्ये जाताना संशयित वाचनाच्या वगैरे वर्गखुणा गळतात, त्या परत येत नाहीत. मुद्रितशोधकांना 'ट्रॅक चेंजेस' चालू ठेवायला सांगा आणि चौघांपैकी एकानेच त्या दुरुस्त्या मूळ फाइलमध्ये हाताने भराव्यात, एका कागदाला गिटमधली एक नोंद याप्रमाणे.