मदत हवी आहे : लांब पल्ल्याची विज्ञानमालिका लिहितोय, नवव्या भागापाशी अडकलो आहोत

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघं नाशिकची. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींत ओळख झाली, तेव्हापासून एकत्र लिहितो. यंदा एका निर्मात्याने विज्ञानमालिकेचा आराखडा मागितला आहे. आधी २६ भाग, जमलं तर पुढे १०४ पर्यंत. बारा भागांच्या संहिता हातात आहेत. एकांकिका पाऊण तासात संपते, तिथे कुठे काय करायचं ते हाताला माहीत असतं. १०४ भाग म्हणजे काय, हे नवव्या भागाशी आल्यावर कळलं.

कल्पना अशी. एक जहाज दुसऱ्या ताऱ्याकडे निघालंय. प्रवास १८० वर्षांचा, पहिल्या भागात त्यातली ६१ सरली आहेत. जे निघाले ते पोहोचणार नाहीत आणि जे पोहोचतील त्यांनी पृथ्वी पाहिलेली नसेल. जहाजाचे चार विभाग आहेत. पाणी मोजकं, ते पाळीने फिरतं. आणि आमची नायिका आहे पाटकरीण. विभागांची दारं उघडायची, बंद करायची, किती पाणी कुठे गेलं ते वहीत मांडायचं. कप्तान आहे, शास्त्रज्ञ आहेत, पण गोष्ट तिची.

हे कुठून आलं तेही सांगते. माझे आजोबा निफाड तालुक्यात पालखेड डाव्या कालव्यावर पाटकरी होते. त्यांच्याकडे एक शाईपेन्सिल असायची. लिहिण्याआधी टोक जिभेला लावायचे, त्यामुळे आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी, चालू असेपर्यंत त्यांची जीभ जांभळी. रात्री दोन वाजता कंदील घेऊन चारीवर जायचं, दार उघडायचं, वेळ लिहायची. मुखाजवळच्या शेताला पाणी कधी चुकत नाही आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेताला कधी पुरत नाही, त्यामुळे दोन्हीकडचे लोक त्यांच्यावर रुसलेले. मेल्यावर घरात त्यांच्या सात वह्या निघाल्या. या मालिकेचा जीव त्या वह्यांत आहे.

आता अडचण. आठव्या भागापर्यंत ताण जरा सैल पडतोय असं वाटलं, म्हणून नवव्या भागात एका तरुण यंत्रज्ञ मुलीने सांडपाण्यातून सगळंच्या सगळं पाणी परत मिळवणारं यंत्र बनवलं. त्याला आम्ही ‘झरा’ म्हणतो. टेलच्या विभागात पहिल्यांदा नळ पूर्ण सोडला जातो आणि एक म्हातारी त्याखाली नुसती हात धरून उभी राहते, तो प्रसंग वाचताना आमच्यातल्या एकाचा आवाज फुटेना. भाग सुंदर झालाय, त्याबद्दल मला आजही शंका नाही.

पण दहावा लिहायला बसलो आणि हात थांबले. पाणी मुबलक झालं, मग दारं कशाला? दारं नाहीत तर पाटकरीण कशाला? पुढच्या तीन भागांत आम्ही झरा दोनदा बिघडवला आणि एकदा चोरीला घालवला. परवाच्या वाचनात लक्षात आलं की गोष्ट सांगायचं राहूनच गेलंय, आम्ही झऱ्यापासून पळतोय.

हा खड्डा जुनाच आहे. १९६६ च्या मूळ ‘स्टार ट्रेक’मध्ये माणसाला क्षणात ग्रहावर उतरवणारा ट्रान्सपोर्टर आला तो खर्च वाचवायला, कारण अख्खं जहाज दर आठवड्याला उतरताना दाखवणं परवडणारं नव्हतं. पैसे वाचले, पण लेखकांच्या मागे कायमचं काम लागलं. कुणी संकटात सापडलं की त्याला चटकन वर का घेत नाहीत, याचं कारण दर वेळी नव्याने शोधायचं. कधी वादळ, कधी बिघाड. प्रेक्षकाला ते कळतं.

गेले दोन महिने मी एवढंच पाहतेय की ज्या मालिका वर्षानुवर्षं टिकल्या त्यांनी नेमकं काय सांभाळलं. मला सापडलेलं उत्तर असं : तिथे घडलेलं पुसलं जात नाही. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’मध्ये १९९० साली कप्तान पिकार्डला बोर्ग नावाचे अर्धे माणूस, अर्धे यंत्र असलेले शत्रू पकडतात, यंत्रात जोडून टाकतात आणि त्याच्याच माणसांवर सोडतात. तो सुटतो. पुढच्या आठवड्यात नवा ग्रह, नवी भानगड, असं सहज करता आलं असतं. त्याऐवजी तो फ्रान्समध्ये भावाच्या द्राक्षमळ्यात जातो. लढाई नाही, शत्रू नाही, जहाजाचा ब्रिज, म्हणजे नियंत्रणकक्ष, त्या अख्ख्या भागात दिसत नाही. दोघे भाऊ मळ्यातल्या चिखलात एकमेकांना लोळवतात, हसतात आणि हसता हसता तो कप्तान रडायला लागतो. मी द्राक्षवाल्या घरातली. बांधावरची भावाभावांची भांडणं पाहत मोठी झाले. पण तेवढ्यासाठी तो भाग मनात राहिलेला नाही. आधीच्या दोन भागांतल्या संकटाचं वजन मला या तिसऱ्या भागात कळलं.

तो भाग लिहिणाऱ्या रोनाल्ड मूर यांनी पुढे नवी ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ उभी केली. तिचा पहिला नियमित भाग पाहा. वाचलेल्या माणसांचा ताफा पळतोय, शत्रू दर ३३ मिनिटांनी येतो, पाच दिवस कुणाला झोप नाही, आणि राष्ट्राध्यक्ष बाईंच्या खोलीत फळ्यावर वाचलेल्या माणसांचा आकडा. तो कमी होत राहतो. शेवटी ताफ्यात एक मूल जन्मतं आणि ती बाई आकडा एकाने वाढवते. मला तिथे आजोबांची वही दिसली.

तर जाणकारांना विचारायचंय. झऱ्याचं काय करावं? नववा भाग फाडून टाकायला मन तयार नाही. दुसरं, नमुना भागात मुख्य अभियंत्याची भूमिका करणारे आमचे ज्येष्ठ नट दोन वर्षं बांधून घ्यायला तयार नाहीत, आणि त्यांचं पात्र तर गोष्टीचा कणा आहे. तिसरं, शेवट आत्ताच पक्का करावा का? आमच्यात यावर एकमत होत नाही.

कडक बोललात तरी चालेल.

प्रतिसाद १

सरळ मोडून टाका. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेत डॉक्टर नावाच्या नायकाच्या हातात ध्वनीवर चालणारा सॉनिक स्क्रूड्रायव्हर १९६८ मध्ये आला. आधी साधं हत्यार होतं, मग प्रत्येक कुलपावरचा उपाय झालं. १९८२ मध्ये निर्मात्यांनी तो नष्ट करवला, कारण डॉक्टरची सुटका फार सोपी झाली होती. फक्त एकदाच मोडा आणि मोडल्याचं दुःख दाखवा. तीन-तीनदा बिघडवलंत तर लोक उठून जातील.

प्रतिसाद २

मोडू नका. पाणी शुद्धीकरणातच माझी नोकरी गेली, म्हणून तिथूनच सांगतो. तुमची चूक ‘सगळंच्या सगळं’ या शब्दांत आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात अंतराळवीरांच्या घामापासून लघवीपर्यंत सगळ्यातून पाणी परत मिळवतात. २०२३ मध्ये नासाने सांगितलं की ते प्रमाण ९८ टक्क्यांवर पोहोचलं. फार मोठी गोष्ट आहे ती. पण स्थानकाला खालून भर घालता येते. तुमच्या जहाजाला कोण घालणार?

झरा ९८ टक्क्यांचा करा आणि आकडेमोड करून बघा. दर फेरीला २ टक्के जात असेल तर ३५ फेऱ्यांत निम्मं पाणी गेलेलं असतं. महिन्याला एक आवर्तन धरलं तर तीन वर्षंसुद्धा नाहीत. पहिल्या वर्षी कुणाला काही जाणवणार नाही. नळ धो धो वाहतील, त्या यंत्रज्ञ मुलीचे सत्कार होतील.

आणि एक. जहाज बंद आहे, म्हणजे ते २ टक्के बाहेर कुठे गेलेलं नाही. ते मागे उरलेल्या खाऱ्या गाळात अडकून बसलंय. तो गाळ कुठेतरी साठतोय. कुठे, ते तुम्ही ठरवा.

प्रतिसाद ३

नटाबद्दल. १९६६ मध्ये ‘डॉक्टर हू’चा पहिला नट विल्यम हार्टनेल प्रकृतीमुळे थांबला. लेखकांनी डॉक्टरला पडद्यावर दुसरा माणूस होऊ दिला. १९६३ ची मालिका आजही माहीत आहे त्याचं मोठं कारण तो निर्णय. पण तुमच्याकडे माणसं साधी माणसं आहेत, तिथे हे चालणार नाही.

तुम्ही ‘बॅबिलॉन ५’ ही अंतराळ स्थानकावरची मालिका कशी बांधली ते बघा. तिचे कर्ते स्ट्रॅझिन्स्की यांनी पाच वर्षांची गोष्ट आधीच आखली होती, ११० पैकी ९२ भाग स्वतः लिहिले, आणि तरीही प्रत्येक पात्राला बाहेर पडायची एक चोरवाट ठेवली होती. पहिल्या वर्षानंतर मुख्य नट गेला, नवा कप्तान आला, गोष्ट चालत राहिली. तुमच्या अभियंत्याजवळ असं काय आहे जे तो जाताना दुसऱ्याच्या हातात ठेवू शकेल? एखादं रहस्य, एखादी किल्ली, एखादं अर्धवट काम. ते आत्ताच, तो असतानाच दाखवून ठेवा. गेल्यावर आठवण काढून सांगितलंत तर ते ठिगळ दिसेल.

शेवटाबद्दल : त्यांनाही चौथ्या वर्षी पुढचं वर्ष मिळेल की नाही कळेना, म्हणून बराच पसारा घाईने आवरावा लागला. शेवटचा भाग चित्रित करून ठेवला होता, तो एक वर्ष थांबवून मग दाखवला. त्यामुळे आखणी करा, पण निर्मात्याच्या मनावर तिचा काही अंमल चालत नाही हे धरून करा.

प्रतिसाद ४

ताई, मी पिंपळगावकडचा बागायतदार. मालिका बघतो, लिहीत नाही. पण तुम्ही द्राक्षवाल्या घरातल्या म्हणालात म्हणून लिहावंसं वाटलं.

ऑक्टोबर छाटणीआधी आपण काडी तपासून घेतो की नाही? कितव्या डोळ्यात, म्हणजे काडीवरच्या कोंबात, घड आहे ते भिंगाखाली बघायचं आणि त्या हिशेबाने काडी ठेवायची. घड त्या दिवशी ठरत नाही. तो एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच काडीत बसलेला असतो, आपल्याला दिसत नाही एवढंच. न तपासता आखूड छाटली तर घड कातरून टाकतो आणि नुसता पाला हाती लागतो.

तुमचे पहिले आठ भाग म्हणजे एप्रिलची काडी. दहाव्या भागासाठी बाहेरून नवं काही आणू नका. आठ भाग परत वाचा आणि कुठल्या डोळ्यात घड आहे ते बघा. सहज म्हणून लिहिलेली एखादी वस्तू, अर्धं सोडलेलं वाक्य, एकदाच आलेलं माणूस.

शेवट आधी ठरवायचा का, यावर माझं मत असं की तोडणीचा महिना माहीत पाहिजे, घडाला मणी किती ते नाही. ‘लॉस्ट’ या अमेरिकन मालिकावाल्यांनी २००७ मध्ये संपायची तारीख ठरवून घेतली, तिथून पुढे त्यांना पावलं मोजून टाकता आली.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण आम्ही आठही भाग परत वाचत होतो.

बागायतदार दादा, घड सापडला. तिसऱ्या भागात टेल विभागातली दोन पोरं लपाछपी खेळताना एका टाकीमागे लपतात. टाकीच्या अंगावर पांढरे डाग, पोरगं बोट लावून चाटतं आणि तोंड वाकडं करून म्हणतं, ‘खारट!’ पोरांचं वागणं खरं वाटावं म्हणून टाकलेली ओळ होती, आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही नव्हती. आता झऱ्याचा गाळ तिथेच जातो. ६१ वर्षं सगळ्या जहाजाचा नको असलेला गाळ टेलकडे ढकलला गेला, आणि आता जहाजातलं शिल्लक पाणी त्यांच्याच टाकीत आहे.

प्रतिसाद २ मधल्या दादांनी दिलेल्या हिशेबामुळे नायिकेचं काम परत आलं. दारं कायमची उघडी झाली म्हणून सगळे तिला म्हणतात, आता वही कशाला? ती सवयीने लिहीत राहते. सातव्या महिन्यात तिची बेरीज जुळत नाही. आधी तिला वाटतं आपलंच चुकलं. ती पेन्सिलीचं टोक जिभेला लावते आणि पुन्हा पहिल्या पानापासून मांडायला घेते. दहावा भाग तिथे सुरू होतो, नववा जसाच्या तसा राहिला. फक्त ‘सगळंच्या सगळं’ हे शब्द आता त्या यंत्रज्ञ मुलीच्या तोंडी आहेत. आनंदाच्या भरात बोलून जाते ती, आणि पुढे त्या दोन शब्दांसाठी तिला उत्तर द्यावं लागेल.

अभियंत्याला टाकीची गोष्ट पहिल्यापासून ठाऊक आहे. गाळाचा पाइप टेलकडे वळवण्याच्या कागदावर तरुणपणी त्यानेच सही केली होती. तो जाण्याआधी तो कागद पाटकरणीच्या वहीत ठेवून जाईल. आमच्या ज्येष्ठ नटांना हे फोनवर ऐकवलं, तर म्हणाले, ‘एवढा प्रसंग देत असशील तर सहा भाग जास्त करतो.’

शेवटाचं वर्ष ठरलं, प्रसंग नाही ठरवला. एका गोष्टीवर मात्र अजून अडलंय. टाकीतलं पाणी कुणाचं? टेलच्या लोकांचं, कारण घाण त्यांनी सोसली, की सगळ्यांचं, कारण ते गेलं सगळ्यांच्या नळातून? काल रात्री इंदिरानगरच्या गच्चीवर आम्ही तिघं यावरून साडेबारापर्यंत भांडलो, खालच्या काकू दोनदा वर येऊन गेल्या. त्या भांडणातलं आठवेल तेवढं आज उतरवून काढतेय. अकरावा भाग तोच आहे.