गरिबाघरच्या इंटरनेटचं बिल सरकारने भरावं का?

रानजाई (धागालेखिका)
माझं मत: भरावं, निदान काही भाग तरी. अमेरिकेत ३१ डिसेंबर २०२१ ला 'अफोर्डेबल कनेक्टिव्हिटी प्रोग्राम' सुरू झाला. दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना इंटरनेटच्या बिलात महिना ३० डॉलरची सूट, मूलनिवासींच्या राखीव भूभागात ७५ पर्यंत. सुमारे २ कोटी ३० लाख कुटुंबं त्यात आली. मंजूर झालेले १४.२ अब्ज डॉलर संपत आले, संसदेने आणखी दिले नाहीत आणि १ जून २०२४ ला योजना बंद पडली. नोकरीचा अर्ज, शिष्यवृत्तीचा फॉर्म, डॉक्टरांची वेळ हे सगळं आता ऑनलाइनच मिळतं, आणि त्यातलं बरंचसं सरकारनेच तिकडे नेलं आहे. मग तिथवर पोचायचा खर्च ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यानेच सोसायचा, हे मला अजिबात पटत नाही.

हिशेबनीस
सहमत नाही. सूट मिळालेल्या अनेकांकडे इंटरनेट आधीपासून होतं. डिसेंबर २०२३ मध्ये रिपब्लिकन सिनेटरांनी नेमका हाच आक्षेप घेतला होता. जो ग्राहक स्वतःच्या खिशातून बिल भरतच होता, त्याचं बिल करदात्याने भरलं तर नवीन जोडणी किती झाली? पैसा शेवटी गेला कंपन्यांकडे. आणि सरकार ३० डॉलर देणार हे कंपनीला माहीत असेल, तर तिने दर कमी का करावेत?

रानजाई
दराबद्दलची तुमची भीती रास्त आहे, पण मे २०२२ मध्ये २० कंपन्यांनी सरकारशी बोलून या कुटुंबांसाठी ३० डॉलर किंवा त्याहून कमी दराचे प्लॅन आणले. म्हणजे बिल शून्यावर आलं. योजना असल्यामुळेच ते शक्य झालं.

'आधीपासून होतं' या शब्दांत मात्र फार काही लपतं. एफसीसी या नियामक संस्थेने लाभार्थ्यांचं सर्वेक्षण केलं, त्यात ६८ टक्के कुटुंबांनी सांगितलं की योजनेआधी त्यांची जोडणी एकतर नव्हतीच किंवा अधूनमधून तुटायची. एक महिना भरायचं, पुढचा महिना भाड्यात गेला की बंद, मग पुन्हा सुरू. कागदावर असं घर 'ग्राहक' दिसतं. परीक्षा नेमकी बंदच्या महिन्यात आली तर त्या मुलाने काय करायचं?

हिशेबनीस
ते सर्वेक्षण लाभार्थ्यांचंच आहे. सूट घेणारा माणूस सूट निरुपयोगी होती असं सांगणार नाही. मी ते पुरावा म्हणून मोजणार नाही.

तारवाला
तुमच्या दोघांच्या वादात एक तिसरी वाट राहून जाते आहे. तिजोरीतून पैसे देण्यापेक्षा कंपनीवर दराची मर्यादा घाला. न्यूयॉर्क राज्याने २०२१ मध्ये कायदा केला: पात्र कुटुंबांना महिना १५ डॉलरमध्ये २५ एमबीपीएस वेगाचं इंटरनेट, किंवा २० डॉलरमध्ये २०० एमबीपीएस. कंपन्या कोर्टात गेल्या, वरच्या कोर्टात हरल्या, आणि जानेवारी २०२५ पासून कायदा लागू आहे. सरकारला बिलापोटी काही द्यावं लागत नाही.

हिशेबनीस
आणि एटी अँड टी या दूरसंचार कंपनीने त्याच महिन्यात आपली घरगुती ५जी इंटरनेट सेवा त्या राज्यातून काढून घेतली. एक पर्याय कमी झाला.

तारवाला
एक सेवा गेली, हे खरं. बाकीच्या मोठ्या कंपन्या तिथेच आहेत ना?

वाटसरू
मला वाटतं आधी तार पोचवा. केरळने के-फोन हे सरकारी फायबरजाळं २०२३ मध्ये सुरू केलं, २० लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी हे उद्दिष्ट ठेवून. पहिल्या टप्प्यात मात्र दर विधानसभा मतदारसंघातली १०० घरं, म्हणजे १४० मतदारसंघांत मिळून १४,००० घरं धरली होती. हेतू उत्तम, पण शेवटच्या खांबापासून घरापर्यंतचं काम सगळ्यात रखडतं. शिवाय मोबाइल डेटा असताना घरच्या जोडणीचा एवढा आग्रह का?

रानजाई
कारण मोबाइल माणसाबरोबर बाहेर जातो. आई-वडील कामावर गेले की त्यांच्यासोबत इंटरनेटही जातं आणि घरी मुलं राहतात. एका फोनवर दोन भावंडांचे वर्ग एकाच वेळी भरू शकत नाहीत. पाच इंचांच्या पडद्यावर अर्ज भरणं, त्याला कागदपत्रं जोडणं किती जिकिरीचं असतं, हे कुणीही करून पाहावं. तार हवीच, पण दारात आलेल्या तारेचं बिल परवडलं नाही तर ती दारातच राहते.

माझा खरा आक्षेप अमेरिकी योजनेच्या रचनेवर आहे. एकरकमी पैसे दिले आणि संपल्यावर वाऱ्यावर सोडलं. गरिबांना फोनच्या बिलात सूट देणारी तिथलीच जुनी 'लाइफलाइन' योजना १९८५ पासून चालू आहे, कारण तिचा पैसा दूरसंचार कंपन्यांच्या महसुलावरच्या आकारणीतून येतो. २०१६ मध्ये तिच्यात इंटरनेटही घेतलं. सूट जेमतेम ९.२५ डॉलर, पण दरवर्षी संसदेसमोर हात पसरावा लागत नाही.

हिशेबनीस
ती आकारणी कंपन्या ग्राहकांच्या बिलात टाकतात, गरिबाच्याही. तिचा दर तीस टक्क्यांच्या वर गेला आहे, कारण ती मुख्यतः फोनसेवेच्या महसुलावर आहे आणि तो आटत चालला आहे. पाया रुंद करा, इंटरनेटचा महसूलही त्यात धरा आणि उत्पन्नाची मर्यादा खाली आणा. मग मी विरोध करणार नाही.

रानजाई
पाया रुंद करायला माझी हरकत नाही. मर्यादा खाली आणायला आहे. दारिद्र्यरेषेच्या थोडं वर असलेलं घर एका आजारपणात खाली येतं, आणि तेव्हा नव्याने अर्ज करायला त्याच्याकडे इंटरनेट नसतं.