सहा वर्षांची इंग्लंडची राणी: शहाणा तह की पोरीचा सौदा?

पारावरचा
१३९६ साली फ्रान्सच्या चार्ल्स सहाव्याने आपली मुलगी इझाबेला इंग्लंडच्या रिचर्ड दुसऱ्याला दिली. नवरी सहा वर्षांची, नवरा एकोणतिशीचा बिजवर. सोबत आठ लाख फ्रँक हुंडा आणि अठ्ठावीस वर्षांचा युद्धविराम. सगळे या लग्नाला नावं ठेवतात. मला विचाराल तर इंग्लंड-फ्रान्समधलं जवळजवळ साठ वर्षं रेंगाळलेलं युद्ध थांबवायला त्या काळात याहून बरा उपाय नव्हता. चर्चच्या नियमाने मुलगी बारा वर्षांची होईतो लग्न पक्कं होत नसे. तोवर रिचर्डने तिला विंडसरला ठेवून लेकीसारखे लाड केले.

झणझणीत ठेचा
लेकीसारखे? मग दत्तकच घ्यायची होती! फ्रॉइसार्टच्या बखरीत आहे: इंग्रज सरदाराने गुडघे टेकून राणी होणार का विचारलं, तर पोर म्हणाली, देवाची आणि वडिलांची इच्छा असेल तर आनंदाने होईन, मी मोठी बाई होणार असं मला सांगितलंय. दरबाराने कौतुक केलं म्हणे. घोकून घेतलेल्या उत्तराचं कसलं कौतुक?

जुनी वही
भावना बाजूला ठेवा, राजकारण बघा. रिचर्डला पहिल्या बायकोपासून मूल नव्हतं. सहा वर्षांची बायको म्हणजे पुढची सात-आठ वर्षं वारसाचं नाव नको. गादी अशी लोंबकळत असताना १३९९ मध्ये तो आयर्लंडला गेला आणि चुलतभाऊ हेन्रीने राज्य घशात घातलं. १४०० च्या फेब्रुवारीत रिचर्ड कैदेत मेला. इझाबेला दहाव्या वर्षी विधवा.

पारावरचा
तो दोष लग्नाचा नव्हे, रिचर्डच्या मस्तीचा. हेन्रीच्या बापाची जहागीर गिळायला इझाबेलाने सांगितलं होतं का? आणि पूर्ण ताकदीचं युद्ध पेटलं ते थेट १४१५ ला. मधली वर्षं काय कमी झाली?

झणझणीत ठेचा
ती वर्षं तिला कशी गेली तेही लिहा की. हेन्रीने तिला आपल्या मुलाच्या गळ्यात बांधायचा घाट घातला. पोरीने साफ नकार दिला. तिच्या आयुष्यातला तिचा स्वतःचा म्हणावा असा निर्णय मला तरी हा एकच दिसतो. १४०१ ला माहेरी पाठवली. हुंड्याचं विचारलं तर इंग्रजांनी तिच्या पणजोबांच्या, म्हणजे इंग्रजांच्या कैदेत पडलेल्या फ्रान्सच्या राजा जॉनच्या, सुटकेच्या खंडणीची थकबाकी पुढे केली! १४०६ ला पुन्हा बोहल्यावर: ती सोळाची, चुलतभाऊ चार्ल्स अकराचा. १४०९ मध्ये बाळंतपणात गेली. वय एकोणीस.

जुनी वही
जोडून सांगतो. तिने नाकारलेला तो मुलगा पुढे हेन्री पाचवा झाला. १४२० च्या त्र्वा (Troyes) या फ्रेंच शहरातल्या तहात त्याने तिच्याच धाकट्या बहिणीशी, कॅथरिनशी, लग्न केलं आणि सासऱ्यानंतरची फ्रान्सची गादी लिहून घेतली.

पारावरचा
कॅथरिन तेव्हा अठराची होती. तरी दोन वर्षांत हेन्री मेला आणि युद्ध चालूच राहिलं. म्हणजे नवरीच्या वयावर तह टिकत नव्हते, एवढं तरी मान्य करा.

झणझणीत ठेचा
करते की. नवरीवरच टिकत नव्हते. मग दोघींना धाडलं कशाला?