लास वेगासमधील कमी रकमेचे ब्लॅकजॅक टेबल : सोसायटीच्या ग्रुपवर ब-७०२ च्या प्रश्नावर झालेली चर्चा

ब-७०२ : सर्वांना नमस्कार. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही उभयता लॉस एंजेलिसला लेकीकडे जात आहोत आणि जावईबापूंनी लास वेगासला स्ट्रिपवरच्या, म्हणजे तेथील मोठ्या कॅसिनोंच्या रस्त्यावरच्या, एका हॉटेलात दोन रात्रींचे बुकिंग केले आहे. आयुष्यभर रमी आणि मेंढीकोट खेळत आलो असल्यामुळे एकदा तरी ब्लॅकजॅकच्या टेबलावर बसून पाहावे, अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी २०० डॉलर बाजूला काढले आहेत आणि ते परत येतील असे धरलेले नाही. जावईबापू म्हणतात की सर्वांत कमी मिनिमम (एका डावाला लावावी लागणारी किमान रक्कम) असलेले टेबल दिसले की तेथेच बसावे. अ-४०३ चे काका मुलाकडे लास वेगासजवळच्या हेंडरसनला तीनदा राहून आले आहेत, म्हणून त्यांना विचारतो की हा सल्ला बरोबर आहे का.

अ-४०३ : नमस्कार. सल्ला प्रेमाने दिलेला आहे, पण बरोबर नाही, आणि नवख्या माणसाचे पैसे नेमके याच समजुतीमुळे जातात. टेबलावरच्या पाटीवर लिहिलेले मिनिमम ही त्या खेळाची किंमत नसते. किंमत ठरते ती तीन गोष्टींच्या गुणाकाराने : एका डावाला किती लावता, तासाला किती डाव होतात आणि त्या टेबलाच्या नियमांनुसार कॅसिनोचा वाटा किती टक्के आहे. या वाट्याला तिकडे हाऊस एज म्हणतात. आपल्याकडच्या पत्त्यांच्या अड्ड्यावर जशी नाल काढतात तशीच ही, फक्त ती वेगळी मागितली जात नाही, नियमांतच मुरलेली असते.

सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे ब्लॅकजॅकला मिळणारा मोबदला. या खेळात आपण पाने वाटणाऱ्या कॅसिनोच्या माणसाशी, म्हणजे डीलरशी खेळतो आणि २१ च्या पुढे न जाता त्याच्यापेक्षा जास्त गुण जमवायचे असतात. पहिल्या दोन पानांत एक्का आणि दहा गुणांचे पान (दश्शी, गुलाम, राणी किंवा राजा) आले की त्याला ब्लॅकजॅक म्हणतात. जुन्या नियमाप्रमाणे त्याला ३:२ मोबदला मिळतो, म्हणजे १० डॉलर लावले असतील तर १५ मिळतात. आता स्ट्रिपवरच्या बहुतेक स्वस्त टेबलांवर ६:५ हा नियम आहे, म्हणजे त्याच १० डॉलरला १२ मिळतात. सहा हा आकडा तीनपेक्षा मोठा असल्यामुळे पुष्कळांना ६:५ अधिक उदार वाटतो, हे मी शेजारच्या खुर्चीवरच्या सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकले आहे. ब्लॅकजॅक साधारण २१ डावांत एकदा येतो. तासाला ७० डाव धरले तर तो तीनेक वेळा येईल आणि दर वेळी ३ डॉलर कमी मिळतील, म्हणजे केवळ या एका नियमापायी १० डॉलरच्या टेबलावर तासाला सुमारे १० डॉलर जास्त जातील. टक्केवारीत हा फरक जवळजवळ १.४ इतका आहे, आणि इतर कोणत्याही एका नियमाने एवढा फरक पडत नाही.

आता जावईबापूंचा सल्ला तपासू. १० डॉलर मिनिमम, सहा कॅट, ६:५ असे टेबल घेतले तर हाऊस एज सुमारे २ टक्के होतो. तासाला ७०० डॉलर पणाला लागतात, म्हणून सरासरी तोटा १४ डॉलर. शेजारी १५ डॉलर मिनिमम पण ३:२ देणारे टेबल असेल तर हाऊस एज साधारण ०.६ टक्के. तासाला १,०५० डॉलर पणाला लागूनही सरासरी तोटा सव्वासहा डॉलरच्या आसपास राहतो. महाग दिसणारे टेबल निम्म्याहून स्वस्त पडते.

क-११०४ : काका, मोबदल्याचा नियम समजला. पण तो टेबलाजवळ उभे राहून ओळखायचा कसा? माझ्या भाच्याला खुर्चीवर बसल्यानंतरच कळले होते.

अ-४०३ : टेबलावर अंथरलेल्या कापडावर तो छापलेला असतो. "ब्लॅकजॅक पेज ३ टू २" किंवा "६ टू ५" असे अर्धवर्तुळात लिहिलेले असते. कित्येकदा तेथे मोबदला न लिहिता फक्त "डीलर मस्ट हिट सॉफ्ट १७" एवढेच छापतात आणि मोबदला मिनिममच्या पाटीवर बारीक अक्षरात देतात. दोन्ही ठिकाणी दिसला नाही तर खुर्ची ओढण्यापूर्वी डीलरला सरळ विचारावे. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही, कारण रोज शेकडो माणसे विचारतात आणि उत्तर खरे मिळते.

सॉफ्ट १७ म्हणजे ज्यात एक्का अकरा धरून सतरा होतात असा हात, उदाहरणार्थ एक्का आणि छक्की. डीलर अशा सतरावर थांबत असेल तर आपल्या फायद्याचे, तो आणखी पान घेत असेल तर हाऊस एज ०.२ टक्क्याने वाढतो. जोडी फोडल्यानंतर, म्हणजे सारख्या दोन पानांचे दोन वेगळे हात केल्यानंतर, डबल (पैज दुप्पट) करू देतात का, हा पुढचा प्रश्न. त्याचे मोल ०.१४ टक्के. डाव अर्ध्यावर सोडून निम्मी रक्कम परत घेण्याची सोय, म्हणजे सरेंडर, असेल तर ०.०८ टक्के वाचतात. सहा कॅट, सतरावर थांबणारा डीलर, फोडल्यानंतर डबल, सरेंडर आणि फोडलेले एक्के पुन्हा फोडण्याची मुभा, असे सगळे जुळून आले तर हाऊस एज ०.२६ टक्क्यापर्यंत खाली येतो. पण स्ट्रिपवर असे टेबल बहुधा ५० किंवा १०० डॉलर मिनिममचे असते आणि आपल्याला त्याचा उपयोग नाही. म्हणून आपण फक्त ३:२ चा हट्ट धरावा आणि बाकीचे मिळाले तर आनंद मानावा.

कॅटच्या संख्येबद्दल एक इशारा देणे मला फार आवश्यक वाटते. एकाच कॅटचा खेळ खेळणाऱ्याला अनुकूल असतो, हे खरे आहे. पण हे पुष्कळांना ऐकून माहीत असल्यामुळे "सिंगल डेक" अशी मोठी पाटी लावून तेथे ६:५ मोबदला देण्याची पद्धत गेली वीस वर्षे रूढ झाली आहे. त्या टेबलाचा हाऊस एज सुमारे १.४ टक्के होतो, म्हणजे ३:२ देणाऱ्या सहा कॅटच्या साध्या टेबलाच्या दुपटीहून जास्त.

ब-२०३ : क्षमा करा, पण सोसायटीच्या ग्रुपवर जुगाराची एवढी सविस्तर चर्चा व्हावी का, असा मला प्रश्न पडला आहे. माझ्या मामांनी पत्त्यांच्या नादात सातारची जमीन घालवली आणि मामीला शेवटपर्यंत भाड्याच्या खोलीत राहावे लागले. त्यांचीही सुरुवात ठरवून बाजूला काढलेल्या पैशांनीच झाली होती.

अ-४०३ : ताई, तुमचा आक्षेप योग्य आहे आणि तो येथे नोंदला गेला, हे बरे झाले. मी ३१ वर्षे विमा कंपनीच्या आकडेवारी विभागात काम केले आणि तेवढ्याच आधाराने सांगतो की सर्व नियम अनुकूल असले, प्रत्येक पान बिनचूक खेळले, तरी या खेळात सरासरीने कॅसिनोच जिंकते. मी सांगतो आहे ती जिंकण्याची युक्ती नाही, तोटा कमी ठेवण्याचा हिशेब आहे. ज्यांच्या घरात असा प्रसंग घडून गेला आहे त्यांनी टेबलाकडे फिरकू नये, असेच माझेही मत आहे.

याच संदर्भात ब-७०२ यांना एक अप्रिय गोष्ट सांगायला हवी. सरासरी तोटा तासाला सहा डॉलर असला तरी प्रत्यक्ष चढउतार त्याहून कितीतरी मोठा असतो. १५ डॉलरच्या टेबलावर २०० डॉलर म्हणजे जेमतेम १३ पैजा. १४० डावांत, म्हणजे दोन तासांत, होणारा नेहमीचा चढउतारच तेवढा असतो. माझ्या ढोबळ हिशेबाने दोन तास पूर्ण होण्याआधी सगळी रक्कम संपण्याची शक्यता तीनांत एक आहे, आणि एकच तास बसलात तर सहांत एक. म्हणून घड्याळ लावून एक तास बसावे, किंवा १० डॉलरचे ३:२ टेबल शोधावे. एटीएम कार्ड मात्र खोलीतल्या तिजोरीत ठेवूनच खाली उतरावे.

ब-७०२ : ताई, तुमचे म्हणणे मनावर घेतले आहे, कार्ड सौभाग्यवतींकडे राहील. काका, १० डॉलरचे ३:२ टेबल कोठे मिळते?

अ-४०३ : स्ट्रिप सोडून डाउनटाउनला, म्हणजे फ्रीमाँट स्ट्रीटच्या परिसरात जावे. स्ट्रिपचा बराचसा भाग लास वेगास शहराच्या हद्दीबाहेर आहे; मूळ शहर आणि जुनी कॅसिनो डाउनटाउनला आहेत. तेथील एल कॉर्टेझ हे १९४१ साली सुरू झालेले कॅसिनो कमी रकमेच्या, एका कॅटच्या आणि तरीही ३:२ देणाऱ्या टेबलांसाठी जुन्या खेळाडूंमध्ये नावाजलेले आहे. इमारत साधी आहे, झगमगाट नाही, पण मला तेथील डीलर अधिक धीराने वागणारे वाटले. मिनिमम मात्र दिवसात दोनदा-तीनदासुद्धा बदलते, म्हणून आदल्या दिवशी पाहिलेल्या आकड्यावर विसंबू नये. शुक्रवार-शनिवारची संध्याकाळ टाळून मंगळवार-बुधवारी सकाळी नाश्त्यानंतर जावे. तेव्हा मिनिमम खाली असते आणि टेबलावर गर्दी नसल्यामुळे नवख्याला विचार करायला उसंत मिळते. गर्दी नसण्याचा तोटा एवढाच की डाव भराभर होतात, म्हणून शेजारी एक-दोन खेळाडू असलेले टेबल उत्तम.

एका कॅटच्या खेळात पाने उपडी वाटतात आणि ती एकाच हाताने उचलायची असतात. आणखी पान हवे असेल तर हातातल्या पानांनी कापडावर हलकेच खरवडायचे आणि थांबायचे असेल तर पाने चिप्सखाली (पैशांऐवजी लावायच्या चकत्यांखाली) सरकवायची. सहा कॅटच्या खेळात पाने उताणी असतात आणि त्यांना स्पर्श करायचा नसतो; बोटाने टकटक केले की पान मिळते, तळहात आडवा हलवला की डीलर थांबतो. नोटा डीलरच्या हातात न देता टेबलावर ठेवायच्या. लाल चिप ५ डॉलरची, हिरवी २५ ची आणि काळी १०० ची, असा सर्वसाधारण संकेत आहे.

क-११०४ : बसण्याआधी गोव्याला एकदा सराव करून घेतला तर?

अ-४०३ : सरावासाठी घरच्या पत्त्यांचा कॅट पुरेसा आहे. गोव्यात १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना, म्हणजे जुगाराच्या यंत्रांना परवानगी मिळाली आणि १९९६ च्या दुरुस्तीनंतर जहाजांवर टेबलावरचे खेळ आले, म्हणून मांडवीत ती जहाजे उभी दिसतात. तेथे प्रवेशाचे पॅकेज घ्यावे लागते आणि ते शुल्क आपल्या हिशेबात पहिल्याच मिनिटाला तोटा म्हणून धरावे लागते. लास वेगासच्या कॅसिनोत शिरायला पैसे पडत नाहीत.

घरी सराव करायचा तो कोणत्या हातावर काय करावे, याच्या तक्त्याचा. हा तक्ता १९५६ साली बाल्डविन, कँटी, मायसेल आणि मॅकडर्मॉट या अमेरिकन लष्करात असलेल्या चौघांनी प्रथम शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. संगणक हाताशी नसताना, मेजावरच्या गणनयंत्रांवर त्यांनी इतके बिनचूक काम केले की आकडेवारीच्या माणसाला आजही त्यांच्यापुढे मान तुकवावीशी वाटते. मी वर दिलेले सारे टक्के हा तक्ता पाळला तरच लागू होतात. अंदाजाने खेळणाऱ्याचा तोटा सहज आणखी टक्का-दोन टक्क्यांनी वाढतो. तक्त्याचे छापील कार्ड टेबलाजवळ ठेवून पाहायला बहुतेक ठिकाणी हरकत नसते, मोबाइल मात्र चालत नाही.

सुरुवातीला एवढे पाठ करा. एक्क्यांची आणि अठ्ठ्यांची जोडी नेहमी फोडायची, दश्श्यांची आणि पंज्यांची कधीही नाही. डीलरचे उघडे पान चौक्की, पंजी किंवा छक्की असेल तर आपण बारा ते सोळावर थांबायचे. दुर्री किंवा तिर्री असेल तर तेरा ते सोळावर थांबायचे पण बारावर एक पान घ्यायचे. सत्ती किंवा त्याहून मोठे पान असेल तर सतरा होईपर्यंत घेत राहायचे. डीलरचा एक्का उघडा असला की तो इन्शुरन्स, म्हणजे डीलरचा ब्लॅकजॅक होईल अशी बाजूची पैज, घेणार का, असे विचारतो. त्याला नेहमी नकार द्यायचा. विम्यात उभी हयात घालवलेला माणूस हा विमा घेऊ नका म्हणतो, त्याला कारण आहे. त्यात २:१ मिळतात, म्हणजे डीलरकडे दहा गुणांचे पान तीनांत एकदा तरी हवे. सहा कॅटच्या ३१२ पानांत अशी पाने ९६ च असतात, आणि त्या पैजेवर कॅसिनोला सात टक्क्यांहून अधिक सुटतात.

क-५०५ : सनदी लेखापाल या नात्याने दोन वाक्ये लिहितो. अमेरिकेत अनिवासी परकीयांनी ब्लॅकजॅकमध्ये जिंकलेली रक्कम तेथील संघीय आयकरातून मुक्त आहे. स्लॉट मशीनला ती सवलत नाही आणि तेथे मोठ्या बक्षिसातून ३० टक्के कापले जाऊ शकतात. भारतातील निवासी करदात्याला मात्र परदेशात जिंकलेली रक्कमही येथे दाखवावी लागते. तिच्यावर ३० टक्के दराने कर, शिवाय उपकर लागतो, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही.

ब-७०२ : सर्वांचा आभारी आहे. शेवटचा प्रश्न : नातू १४ वर्षांचा आहे. तो बाजूला उभा राहून पाहू शकेल का?

अ-४०३ : नाही. नेवाडात २१ वर्षांखालील व्यक्तीला खेळता तर येत नाहीच, टेबलाजवळ रेंगाळताही येत नाही. त्या तासाभरात जावईबापूंनी त्याला फ्रीमाँट स्ट्रीटवरचे प्रकाशाचे छत दाखवून आणावे. तो रस्ता आहे, कॅसिनो नाही. स्ट्रिपवरून तेथे जायला टॅक्सी करू नका. ड्यूस नावाची दुमजली बस दिवसरात्र धावते आणि ती तुम्हाला थेट डाउनटाउनला सोडते.